किती उरलंय?

गाडीच्या सगळ्या भागांत चमत्कारिक नोकरी आली आहे ती ब्रेकच्या वाट्याला. इंजिन झिजू नये म्हणून माणसं तेल घालतात, बेअरिंग झिजू नये म्हणून ग्रीस भरतात. ब्रेकला मात्र झिजण्यासाठीच कामावर ठेवलेलं असतं. तिथं तेलाचा थेंब पडला तर उलट काम बिघडतं. धावत्या गाडीचा वेग कुठंतरी जिरवायला हवा, तो उष्णता होऊन ब्रेकमध्ये जिरतो. त्यात पॅड थोडा झिजतो, ओतीव लोखंडाची डिस्क त्याहून कमी झिजते आणि बाकीची गाडी धडधाकट घरी येते. पसरणी घाट उतरून वाईत टेकलेल्या पर्यटकांच्या गाड्यांपाशी जो जळका वास येतो, तो याच व्यवहाराचा. ज्या गिअरात घाट चढलात त्याच गिअरात उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगत आले आहेत. ज्यांनी ऐकलं त्यांच्या गाडीला वास येत नाही.

या डिस्कची एक गोष्ट मला फार सरळ वाटते. आपण कधी संपलो हे तिच्या अंगावरच लिहिलेलं असतं. कडेवर किंवा मधल्या फुगीर भागावर बारीक अक्षरांत ‘मिनिमम थिकनेस’ची दोन-तीन आद्याक्षरं आणि पुढं आकडा. गाडीची नवी डिस्क २२ मिलिमीटर जाड असेल, तर बहुधा आकडा असतो २०. मोटरसायकलची नवी ४ मिलिमीटरची असली तर हद्द साडेतीनच्या आसपास. म्हणजे गाडीची डिस्क दिसायला एवढी जाडजूड, पण खर्चायला तिच्याकडे दोनच मिलिमीटर. उरलेले वीस म्हणजे मोडता न येणारी मुदतठेव. त्या विसांनी उष्णता पोटात घ्यायची असते. डिस्क पातळ झाली की लवकर तापते, तडकू शकते, आणि कॅलिपरमधल्या पिस्टनला नको तितकं बाहेर यावं लागतं. इतकं सगळं त्या एका आकड्यात बसवलेलं आहे, आणि तो आकडा चाकाच्या मागं, चिखलाखाली, गंजाखाली. वाचतो कोण?

आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज आहे तिथले मेस्त्री तो वाचत नाहीत. त्यांचं काम अंगठ्यावर चालतं. चाक काढलं की ते डिस्कच्या काठावर नख फिरवतात. पॅड डिस्कच्या अगदी कडेपर्यंत पोचत नाही, त्यामुळे बाहेरची एक बारीक पट्टी न झिजता तशीच राहते, गंजते आणि आतला भाग खाली गेला की ती ओठासारखी वर उठून दिसते. नख त्या ओठावर किती अडतं त्यावरून मेस्त्री निकाल देतात. निकाल आकड्यात नसतो. “ही अजून एक दिवाळी काढेल.” किंवा, “ही बदला, घाटात जायचंय ना?” त्यांचं बहुतेक वेळा बरोबर निघतं असं गल्लीचं मत आहे. ज्यांच्या बाबतीत चुकलं असेल ते मत द्यायला गॅरेजकडं फिरकत नाहीत, हा भाग वेगळा.

अशा या सुखी राज्यात आमच्या इमारतीतले क्वालिटीवाले काका शिरले, ते माझ्यामुळे. माझ्या गाडीचं ब्रेक पेडल मध्यम वेगाला दाबलं की थरथरायचं. मेस्त्रींनी एक फेरी मारून “डिस्क बेंड झालीय” असं सांगितलं. ते मी जिन्यात काकांपाशी बोललो. काकांची उभी हयात भोसरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनमध्ये गेली. “बेंड झालीय हे कशानं मोजलं?” त्यांनी विचारलं. पायानं, मी म्हणालो. काका घरात गेले आणि लाकडी डबी घेऊन खाली आले.

डबीत मायक्रोमीटर होता. निवृत्तीनंतर त्यांनी तो स्वतःच्या पैशानं घेतला आहे. त्या वेळी काकू म्हणाल्या होत्या की, बाकीच्यांचे नवरे रिटायर झाले की सोनं घेतात. घरात आल्यापासून त्यानं बरंच काही मोजलं आहे: वर्तमानपत्राचा कागद, दाढीचं पातं, नातवाचा केस, उडदाचा पापड. पोळीला तो लावायचा नाही, असा मात्र सक्त नियम आहे.

मायक्रोमीटर ज्यांनी हाताळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घोड्याच्या नालेच्या आकाराची एक चौकट. तिच्या एका टोकाला स्थिर ठोकळी, तिला म्हणतात अ‍ॅन्व्हिल. समोरून तिच्याकडे सरकत येणारा दांडा, तो स्पिंडल. स्पिंडलच्या अंगावर अतिशय बारीक आटे. एक पूर्ण फेरा दिला की दांडा अर्धा मिलिमीटर पुढं जातो. फिरवायच्या नळीवर, म्हणजे थिंबलवर, ५० रेघा. म्हणून एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. झालं. आत वीज नाही, सेल नाही. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटांना फिरवण्याइतकी मोठी करून दाखवायची, एवढीच त्याची हिकमत. काकांचा मात्र खास डिस्कसाठीचा आहे. त्याची तोंडं सपाट नसून टोकदार आहेत. कारण तोच तो गंजका ओठ. सपाट तोंडाचं माप किंवा घाईत लावलेला व्हर्निअर दोन्ही बाजूंच्या ओठांवर टेकतो आणि डिस्क जवळजवळ नवी असल्याचं बिनदिक्कत सांगतो. टोकदार तोंड ओठ ओलांडून आत, जिथं खरोखर झीज झाली आहे तिथं पोचतं.

व्हर्निअरबद्दल काकांचं मत तसंही फारसं चांगलं नाही. मोजायची वस्तू आणि मोजपट्टी एका रेषेत असावी, असं जर्मनीतल्या एर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये मांडलं होतं. मायक्रोमीटर ते पाळतो. व्हर्निअरमध्ये वस्तू जबड्यात आणि पट्टी बाजूला. जबडा जरासा कलला की आकडा बिघडला. “बरणीचं तोंड मोजायला बरा आहे,” काका म्हणतात.

मग गॅरेजमध्ये जे झालं ते बघण्यासारखं होतं. मेस्त्रींनी चाक काढून दिलं आणि हाताची घडी घालून बाजूला उभे राहिले. काकांनी आधी डिस्क पुसली. मग मायक्रोमीटरच्या दोन तोंडांत पांढऱ्या कागदाचा कपटा धरून अलगद ओढून काढला, तोंडं साफ झाली. मग मोकळीच तोंडं मिटवून शून्य शून्यावर येतं का पाहिलं. चौकटीला हात लावला तो प्लॅस्टिकच्या पट्टीवर, कारण तळहाताची ऊब लोखंडाला लागली की लोखंड वाढतं. जगभर मापं २० अंश सेल्सिअसला धरली जातात, १९३१ पासून तसं ठरलेलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात चाळीस अंशांत २५ मिलिमीटरचा पोलादी तुकडा अर्ध्या शतांशाहून थोडा जास्तच फुगतो. म्हणून काकांच्या कारखान्यात एसी दोनच ठिकाणी होता, मोठ्या साहेबांकडे आणि गेज ठेवायच्या खोलीत; आणि वीज गेली की जनरेटर आधी कुणाला, यावर तिथं मतभेद होते म्हणे.

मेस्त्रींना हे सगळं नवं होतं अशातला भाग नाही. ते आयटीआयचे आहेत, मायक्रोमीटर त्यांनी हाताळला आहे. “आमच्याकडे एक होता काका,” ते म्हणाले. “पोरं त्यात पत्रा धरून वेल्डिंग करायची.” काकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फक्त स्मशानात पाहिलं आहे. मायक्रोमीटरचा शिकंजा करणं हा त्यांच्या दंडसंहितेतला सर्वांत वरचा गुन्हा.

माप घेताना काका थिंबलला हात लावत नाहीत. शेवटी जी छोटी मूठ असते, रॅचेट, ती फिरवतात. स्पिंडल वस्तूला टेकला की रॅचेट टिक टिक टिक करत मोकळी फिरू लागते, आटा पुढं सरकत नाही. या उपकरणातली मला सर्वांत आवडलेली जागा हीच. मोजणाऱ्याच्या मनात काय आहे ते मापात उतरू नये, याची सोय तिनं केलेली आहे. प्रॉडक्शनवाल्याला पार्ट पास व्हायला हवा असतो, मग तो थिंबल जरा करकचून आवळतो आणि जादा झालेला एखाद-दुसरा शतांश गडप होतो. इन्स्पेक्शनवाल्याचं सकाळी घरी बिनसलेलं असतं, तो हलकं टेकवतो आणि तोच पार्ट नापास होतो. रॅचेटला दोघांचं काहीच कळत नाही. टिक टिक. दोघांनाही सारखाच दाब.

इंग्लंडमध्ये १९ व्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री मॉडस्ली नावाच्या कारागिरानं आपल्या कारखान्यात टेबलावर ठेवायचा एक मायक्रोमीटर केला होता. कामगारांत मापावरून वाद झाला की शेवटचा शब्द त्याचा, म्हणून त्याचं नाव ‘लॉर्ड चॅन्सलर’. खिशात मावेल असं रूप त्याला दिलं पॅरिसच्या पामरनं, १८४८ साली पेटंट घेऊन. फ्रान्समध्ये या उपकरणाला आजही पामरच म्हणतात. पण मुळात हा आटा लोखंड मोजायला निघालेलाच नव्हता. विल्यम गॅस्कॉइन या तरुण इंग्रज खगोलप्रेमीनं सतराव्या शतकात, १६४० च्या आगेमागे, तो दुर्बिणीत बसवला आणि चंद्र-सूर्याच्या बिंबांची रुंदी मोजली. १६४४ मध्ये तो यादवी युद्धातल्या मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला. चंद्राला लावलेलं माप पुढं फिरत फिरत गल्लीतल्या गॅरेजमध्ये गंजक्या डिस्कला लागलं. यात चंद्राचं काही कमी झालं असं मला वाटत नाही. डिस्कचं मात्र भलं झालं.

काकांनी डिस्कवर खडूनं आठ खुणा केल्या. प्रत्येक ठिकाणी काठापासून तेवढंच आत. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पहिला आकडा वाचला: न फिरणाऱ्या नळीवर २० च्या पुढं अर्ध्या मिलिमीटरची रेघ उघडी पडली होती, म्हणजे २०.५, थिंबलवर ३७. एकूण २०.८७. ही खालची अर्ध्याची रेघ विसरतो तो शिकाऊ, असं ते पुटपुटले. मग २०.८८. २०.८७. २०.८६. पाचव्या खुणेपाशी थांबले, परत लावला, परत टिक टिक. २०.८४. शेवटपर्यंत मोजून झाल्यावर त्यांनी मेस्त्रींकडे पाहिलं.

“बेंड आहे का नाही ते डायल गेज लावल्याशिवाय मी सांगणार नाही. पण थरथरायला एवढं पुरे. जाडी सगळीकडे सारखी नाही. चार शतांशाचा फरक आहे.”

चार शतांश मिलिमीटर म्हणजे डोक्यावरच्या केसाहून बारीक. आणि तो माझ्या पायाला कळत होता! मला खरं तर इथं थोडं मिरवावंसं वाटलं. पण हा मान माझ्या पायाचा एकट्याचा नाही. ताशी ६० च्या वेगाला चाक सेकंदाला आठ-नऊ फेरे घेतं. प्रत्येक फेऱ्यात जाड जागा पॅडांमधून जाताना त्यांना किंचित मागं रेटते, पॅड पिस्टनला, पिस्टन ब्रेक ऑइलला, ऑइल पेडलला, पेडल तळपायाला. एकदा मारलेली टिचकी कुणाला कळली नसती. सेकंदाला आठ-नऊ वेळा मारली तर बूट घालूनही कळते. दोन शतांशांच्या आसपासचा फरकही अशा रीतीनं पायापर्यंत पोचू शकतो. मेस्त्री खुशीत आले. “म्हणजे पायानं मोजलेलं बरोबर होतं.”

बरोबर होतं. पण मग एक विचित्र गोष्ट निघाली, आणि मी त्या दिवसापासून तिच्यातच अडकलो आहे. ज्या पायाला चार शतांशाचा फरक लागलीच टोचला, त्याच पायाला याच डिस्कवरचे एकशे तेरा शतांश निघून गेलेले कधी कळले नाहीत. नवी २२ ची होती, आता सरासरी २०.८७ वर आलेली. सव्वा मिलिमीटरला जरा कमी एवढं लोखंड माझ्या पायाखालून गेलं आणि पायानं हूं की चूं केलं नाही.

त्याचं कारण यंत्रातच आहे. डिस्क ब्रेक स्वतःला जुळवून घेतो. पॅड झिजला, डिस्क झिजली, की पिस्टन तेवढाच पुढं येऊन बसतो आणि पेडल रोज पूर्वीच्याच उंचीला लागतं. झीज झाली याची एकच मूक खूण राहते, ती म्हणजे बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरते. आणि सर्व्हिसिंगला गाडी गेली की कुणीतरी उत्साही पोरगा ती पातळी वरपर्यंत भरून टाकतो. पुरावा नष्ट.

म्हणजे आपल्याला फरक कळतो, शिल्लक कळत नाही. ब्रेक बनवणाऱ्यांना माणसाचा हा स्वभाव पक्का ठाऊक आहे. माणूस मोजणार नाही हे गृहीत धरूनच अनेक पॅडांना पोलादाची एक बारीक पट्टी लावलेली असते. पॅड हद्दीपर्यंत झिजला की ती डिस्कला घासून किंचाळू लागते. शिल्लक दिसत नाही ना, मग तिचा आवाज करून देऊ! त्यावर आपण काय करतो? गाण्याचा आवाज वाढवतो. पुढच्या पगाराला बघू म्हणतो. घरातल्या टाकीचं पाणी आणि सिलिंडरमधला गॅस याबाबतही मी काही फार वेगळा नाही. काकू मात्र सिलिंडर हलवून किती उरलंय ते सांगतात, आणि काकांना हे वजनकाट्याशिवाय मान्य नाही, तरी ते ताडून बघायचं टाळतात.

झिजण्याची ही कथा गाडीइतकीच जुनी आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन, नवऱ्यानंच बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्त्झहाइमला निघाल्या. उतारांवर लाकडी ब्रेक झिजून गेले, तेव्हा वाटेतल्या गावात चांभाराकडून त्यांनी त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात तिथं धरतात. पहिल्या मोठ्या प्रवासातच ब्रेकचं काम निघालं, हे ऐकून मेस्त्री म्हणाले, “आणि बाई होत्या म्हणून लगेच करून घेतलं. साहेब लोक पुढच्या गावी बघू म्हणाले असते.”

काकांच्या डबीवर जपानी कंपनीचं नाव आहे, मित्सुतोयो. तिचे संस्थापक येहान नुमाता हे एका बौद्ध मंदिरातल्या पुरोहिताचे चिरंजीव. १९३४ मध्ये त्यांनी मायक्रोमीटर बनवायला घेतला तो धर्मप्रसारासाठी पैसा उभा राहावा म्हणून. पुढं त्यांनी स्थापलेली संस्था हॉटेलांच्या खोल्यांमधून बुद्धाच्या शिकवणीचं पुस्तक ठेवू लागली. सगळं अनित्य आहे असं सांगायला निघालेल्या माणसानं ते किती शतांशांनी अनित्य आहे हे मोजायचीही व्यवस्था करावी, हा योग मला फार आवडला. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणूनच त्याचे आटे इतके चांगले.”

मग प्रश्न आला करायचं काय. मेस्त्री म्हणाले, लेथवर टर्निंग मारू, दोन्ही बाजूंनी हलका कट घेतला की पृष्ठभाग सारखा होईल.

“किती कट?” काकांनी विचारलं.

“दोन्ही मिळून घ्या तीन दशांश.”

“वीस चौऱ्याऐंशीतून तीस गेले, वीस चोपन्न. हद्द वीस. म्हणजे हाताशी राहिला अर्धा मिलिमीटर.”

“पुरे की.”

“किती दिवस पुरे?”

मेस्त्रींनी हात पुसले. “ते तुमच्या यंत्रात येतं का?”

काकांनी खरोखरच यंत्राकडे पाहिलं. किती उरलंय हे तो सांगतो, दोन शतांशही लपवत नाही. किती दिवस हे मात्र तो घाट किती, पाय कुणाचा आणि पुढं कुत्रं आडवं येतं का, यांच्यावर सोडतो. त्या बाबतीत मेस्त्रींचा अंगठा आणि काकांची रॅचेट एकाच पायरीवर. शेवटी मेस्त्रींनीच नव्या डिस्कचा आग्रह धरला, आणि दोन्ही चाकांना, कारण एका बाजूला नवी आणि एका बाजूला जुनी लावून गाडी सोडणार नाही म्हणाले. त्यांनी हे आकडे पाहून ठरवलं की पगाराची तारीख पाहून, ते मी विचारलं नाही. बिलावर मात्र त्यांनी पहिल्यांदाच आकडा लिहिला: जुनी २०.८४.

निघताना मेस्त्रींचं लक्ष काकांच्या स्कूटरकडे गेलं. ती काकांची जुनी, दोन्ही चाकांना ड्रम.

“काका, हिचे ब्रेक कधी बघितले?”

काका गप्प. ड्रमचं सगळं उलटं असतं. तिथं डिस्क पातळ होत नाही, ड्रम आतून झिजतो आणि त्याचा व्यास वाढत जातो. हद्दीचा आकडा म्हणून कमाल व्यास दिलेला असतो. बाहेरून माप घेणारा मायक्रोमीटर तिथं नुसता बघत बसतो.

“त्याला इन्साइड मायक्रोमीटर लागतो,” काका शेवटी म्हणाले.

“मग?”

“घ्यायचाय.”

मेस्त्रींनी तोवर स्कूटर स्टँडवर चढवून मागचं चाक काढलंसुद्धा होतं. ड्रम उताणा करून त्यांनी आत अंगठा घातला, गोल फिरवला, काठापाशी नख अडलं तिथं थांबले. काका चष्मा सावरून जवळ वाकले. “किती आहे?”

“काढेल अजून एक दिवाळी,” मेस्त्री म्हणाले. “काकूंना मागं बसवणार असाल तर दसऱ्यालाच आणा.”